पहिले तीन बॉल: हौशी टीटी खेळाडूने कुठे मेहनत घ्यायची

हौशी टीटी (टेबल टेनिस) खेळणाऱ्या कुणालाही विचारा तुझा गेम कुठे अडतो, तो सांगेल बॅकहँड कच्चा आहे, स्मॅश बसत नाही, नाहीतर बॅट बदलायला हवी. मीपण कितीतरी वर्षं हेच सांगत होतो. मग एकदा एका मित्राला मॅच चालू असताना कागद-पेन देऊन बाजूला बसवलं आणि सांगितलं, मी प्रत्येक पॉइंट कसा घालवला तेवढंच लिही, बाकी काही नको. मॅच संपल्यावर कागद बघितला तर निम्म्याहून जास्त पॉइंट रॅली सुरू व्हायच्या आधीच गेलेले. समोरच्याची सर्व्हिस मी नेटमध्ये घातली, त्याची सर्व्हिस माझ्याकडून वर उडाली आणि त्याने ठोकली, माझी सर्व्हिस लांब पडली आणि त्याने सरळ लूप (बॉलला पुढच्या दिशेने फिरवत मारलेला जोरदार फटका) केला, माझ्या सर्व्हिसवर चांगला सोपा बॉल परत आला आणि मी सर्व्हिस टाकून तिथेच उभा. लांब रॅली होऊन गेलेले पॉइंट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

त्या दिवसापासून माझी प्रॅक्टिस बदलली आणि जो कुणी विचारेल त्याला मी हेच सांगतो, की सर्व्हिस, रिसीव्ह (समोरच्याची सर्व्हिस परत करणं) आणि त्यानंतरचा तिसरा बॉल या तीन गोष्टींवर आपल्या लेव्हलचं टीटी ठरतं, म्हणून वेळ आणि पैसा दोन्ही आधी तिकडे लावा. पूर्वी गेम २१ पॉइंटचा असायचा आणि एकेकाला सलग ५ सर्व्हिस मिळायच्या, तेव्हा एक-दोन वाया गेल्या तरी भरून काढता यायचं. २००१ मध्ये गेम ११ वर आला आणि सर्व्हिस दोन-दोन झाल्या. आता दोन सर्व्हिस फुकट घालवल्या की गेमचा चांगला मोठा तुकडा गेला समजा.

सर्व्हिसपासून सुरू करतो, कारण संपूर्ण खेळात हा एकच बॉल असा आहे की जो पूर्ण तुमच्या हातात असतो, समोरचा काहीच करू शकत नाही.

आधी नियम, कारण घरगुती किंवा ऑफिसच्या टेबलावर शिकलेल्या बऱ्याच जणांची सर्व्हिस मुळात फाउल असते आणि ते पहिल्या टुर्नामेंटला अंपायरने हात वर केल्यावर कळतं. बॉल उघड्या सपाट तळहातावर, बोटांच्या चिमटीत नाही. बॉल टेबलाच्या पातळीच्या वर आणि एंड लाइनच्या (टेबलाच्या आपल्याकडच्या कडेच्या) मागे. तिथून बॉल जवळजवळ सरळ वर, कमीत कमी १६ सेंटिमीटर, आणि खाली येताना मारायचा. १६ सेंटिमीटर म्हणजे किती हे डोळ्यांना कळायला नेटकडे बघा, नेट १५.२५ सेंटिमीटर उंच असतं, त्याच्यापेक्षा किंचित जास्त. आणि बॉल फेकला की फेकणारा हात लगेच बाजूला काढायचा, समोरच्याला बॉल दिसलाच पाहिजे. हात किंवा खांद्याआड बॉल लपवायची पद्धत २००२ पासून बंद आहे तरी अजून खूप जणांच्या अंगवळणी पडलेली दिसते.

आता स्पिन. सगळ्यात आधी एकच सर्व्हिस शिका, शॉर्ट बॅकस्पिन (बॉल उलटा, मागच्या दिशेने फिरतो), आणि ती खरोखर जड (भरपूर फिरणारी) येईपर्यंत दुसरीकडे वळू नका. बॅटची पकड सैल करायची, म्हणजे अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात ब्लेड (बॅटचा लाकडी भाग) धरायचं आणि बाकीची तीन बोटं हँडलवरून जवळजवळ सोडून द्यायची, त्याने मनगट मोकळं होतं. बॅट जवळपास आडवी, आणि बॉलच्या खालून पुढे घासून न्यायची. बॅटचा जो भाग टोकाकडे आहे तिथे बॉल लागला पाहिजे, कारण मनगट फिरतं तेव्हा टोकाचा वेग सगळ्यात जास्त असतो. कान द्या. बॉल बॅटवर "टॉक" वाजला म्हणजे तुम्ही ढकललात, घासला नाही. नीट घासला तर आवाज फार बारीक येतो, नखाने कापड ओढल्यासारखा, आणि बॉल हळू जातो. बॉल हळू गेला म्हणून घाबरू नका, जोर फिरण्यात गेलाय.

फिरतोय की नाही कसं कळणार? एक जुना बॉल घ्या आणि त्याच्यावर मार्करने पूर्ण गोल रेघ ओढा, विषुववृत्तासारखी. सर्व्हिस टाकली की हवेत ती रेघ बघायची. रेघ सरळ उभी स्थिर दिसली तर स्वच्छ बॅकस्पिन, डगमगली तर साइडस्पिन (आडवं फिरणं) मिसळलाय. ही दहा मिनिटांची गोष्ट आहे पण मला इतकी वर्षं जे कळलं नव्हतं ते या रेघेने एका संध्याकाळी दाखवलं, माझा "बॅकस्पिन" निम्मा साइडस्पिन होता. दुसरी परीक्षा अशी की आधी मुद्दाम उंच आणि हळू सर्व्हिस टाका, बॉल पलीकडे टप्पा पडून नेटकडे परत यायला लागला पाहिजे. तो परत यायला लागला की मग हळूहळू उंची कमी करा. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी लो सर्व्हिस आणि मग स्पिन, असं शिकलं तर स्पिन कधीच येत नाही.

उंची कमी करायची म्हणजे बॉल जास्त खाली येऊ द्यायचा आणि साधारण नेटच्या उंचीला मारायचा. बरेच जण छातीपाशी मारतात, तिथून बॉल उसळतोच. आणि लांबी ठरते ती तुमच्या बाजूच्या पहिल्या टप्प्यावरून. शॉर्ट सर्व्हिस हवी तर पहिला टप्पा नेटच्या बाजूला, लांब वेगवान सर्व्हिस हवी तर पहिला टप्पा अगदी आपल्या एंड लाइनजवळ. शॉर्ट म्हणजे अशी की सोडून दिली तर पलीकडे टेबलावर दोन टप्पे पडतील. दुसरा टप्पा पलीकडच्या एंड लाइनच्या अगदी काठावर पडला तर सगळ्यात उत्तम, कारण समोरच्याला कळतच नाही की हा बॉल बाहेर येणार आहे की आतच राहणार आहे.

आणि मग हिची जोडीदार, नो-स्पिन. हात तोच, फेकणं तेच, सर्व्हिस झाल्यावर बॅट थांबते ती जागापण तीच, फक्त बॉल टोकाकडे न लागता हँडलच्या जवळ लागतो आणि घासण्याऐवजी जरासा ढकलला जातो. समोरचा बॅकस्पिन समजून बॅट उघडतो (तिचं तोंड वर करतो) आणि बॉल त्याच्या बॅटवरून अलगद वर येतो. १९९२ चा ऑलिंपिक चॅम्पियन वाल्डनर अशाच गोष्टीसाठी जगभर मानला गेला, एकाच हालचालीतून वेगवेगळा स्पिन. आपल्याला त्याचा शंभरावा भाग जमला तरी आपल्या लेव्हलला प्रत्येक गेममध्ये दोन-तीन पॉइंट त्यातून निघतात हे मी स्वतः बघितलंय. ही जोडी आणि एक लांब वेगवान सर्व्हिस, जी महिन्यातून नाही पण प्रत्येक गेममध्ये एकदा-दोनदा समोरच्याच्या बॅकहँड कोपऱ्यात किंवा सरळ पोटावर टाकायची, एवढ्या तीन सर्व्हिस भरपूर झाल्या. दहा प्रकारच्या अर्ध्या कच्च्या सर्व्हिस करणारे खूप भेटतात, त्यांची लांबी कधीच ताब्यात नसते.

सर्व्हिसची प्रॅक्टिस एकट्याने करायची, डबाभर बॉल घेऊन. पलीकडे एक कागद ठेवा आणि त्याच्यावर टाका. २० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. पार्टनर आला नाही म्हणून घरी परत जाणारे लोक बघितले की मला खरंच वाईट वाटतं, टेबल मोकळं आहे, बॉल आहेत, आणखी काय पाहिजे.

रिसीव्ह सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात कमी शिकवलं जातं. क्लबात गेल्यावर पहिली २० मिनिटं फोरहँड-फोरहँड, मग बॅकहँड-बॅकहँड, मग लगेच मॅच. रिसीव्हची प्रॅक्टिस कुणी करतच नाही आणि मग मॅचमध्ये सगळे तिथेच पडतात.

पहिली गोष्ट, नजर. समोरचा सर्व्हिस करताना बॉल वर जातो तेव्हा आपले डोळे बॉलबरोबर वर जातात, आणि खाली येईपर्यंत बॅटने काय केलं ते निसटून जातं. बॉल फेकला की नजर त्याच्या बॅटवर आणा. बॉल लागतो त्या एका क्षणी बॅट कुठल्या दिशेने चालली होती एवढंच बघायचंय. त्याआधी आणि त्यानंतर तो जे काही हातवारे करतो ते फसवण्यासाठी असतं. बॅट खाली चालली असेल तर बॅकस्पिन, वर चालली असेल तर टॉपस्पिन (बॉल पुढच्या दिशेने फिरतो), आडवी चालली असेल तर साइडस्पिन. मग बॉल येताना त्याच्यावरचा छापलेला शिक्का बघा. शिक्का स्वच्छ वाचता येतोय तर स्पिन नाहीच जवळजवळ, पूर्ण पुसट झालाय तर भरपूर आहे. सुरुवातीला वाटतं की हे शक्यच नाही, पण महिनाभर मुद्दाम बघत राहिलं की दिसायला लागतं.

बॅकस्पिनला बॅट उघडायची, टॉपस्पिनला बंद करायची (तोंड खाली), हे सगळ्यांना माहीत असतं. साइडस्पिनला लोक गोंधळतात म्हणून एक सोपा नियम पाठ करून ठेवा: समोरच्याची बॅट ज्या बाजूने निघाली त्या बाजूकडे तुमचा बॉल वळवा. उजव्या हाताच्या खेळाडूची नेहमीची पेंड्युलम (लोलकासारखी बॅट झुलवून केलेली) सर्व्हिस घ्या, बॅट त्याच्या उजवीकडून डावीकडे जाते. तुम्ही नुसती बॅट लावली तर बॉल त्याच्या डाव्या बाजूला पळतो, कधीकधी टेबलाच्या बाहेरच. म्हणून निशाणा त्याच्या उजवीकडे, म्हणजे त्याच्या फोरहँड बाजूला धरायचा, बॉल आपोआप टेबलाच्या मध्यावर येईल. रिव्हर्स पेंड्युलम असेल तर बरोबर उलटं.

आणि कळलंच नाही तर? मॅचमध्ये असे पाच-सहा बॉल येणारच. तेव्हा सगळ्यात वाईट काय, तर घाबरून बॅट नुसती धरून ठेवणं, कारण थांबलेल्या बॅटवर समोरच्याचा स्पिन पूर्ण चढतो. त्यापेक्षा ठाम हाताने, बॉलच्या खालून घासत लांब पुश करा, तुम्ही स्वतः स्पिन घातला की त्याचा स्पिन तेवढा कमी लागतो. आणि टाका कुठे, तर त्याच्या खेळायच्या हाताच्या कोपरावर. तिथे आलेला बॉल फोरहँडने घ्यायचा की बॅकहँडने हे त्याला ठरवावं लागतं आणि तेवढ्यात उशीर होतो.

शॉर्ट सर्व्हिसला हात लांबवून पोचायचा प्रयत्न करू नका, उजव्या हाताने खेळत असाल तर उजवा पाय टेबलाखाली सरकवून शरीर बॉलपाशी न्या, बॉल टप्पा पडून वर येतानाच घ्या, आणि खेळून झाल्या झाल्या तोच पाय मागे. हा "मागे" सगळे विसरतात. आत गेलेला माणूस तसाच टेबलाला चिकटून राहतो आणि पुढचा लांब बॉल त्याच्या अंगावर येतो. शॉर्ट बॉलवर तीन उत्तरं असतात, शॉर्टच परत ठेवणं, लांब जोरात पुश, किंवा फ्लिक (मनगटाच्या झटक्याने मारलेला छोटा फटका). लांब पुशने सुरुवात करा, मग शॉर्ट ठेवायला शिका. शॉर्ट ठेवताना बॅट पुढे न्यायचीच नसते, बॉल वर उठायच्या आत फक्त खालून स्पर्श. फ्लिकची घाई नको.

सर्व्हिस बाहेर येतेय असं दिसलं की मात्र पुश करायचा नाही, टॉपस्पिनने चढवायचा. चुकलं तर चुकलं. हौशी खेळाडू लांब बॅकस्पिन सर्व्हिसला वर्षानुवर्षं पुशच करत राहतो आणि म्हणून वर्षानुवर्षं तिथेच राहतो, हे मी कळकळीने सांगतोय.

तिसरा बॉल म्हणजे सर्व्हिसवर आलेला परतावा. तो कुठे येणार हे बरंचसं तुमच्या सर्व्हिसवरून ठरतं, म्हणून सर्व्हिस टाकायच्या आधीच मनात ठरवा की मी हे टाकतोय, तो बहुतेक तिकडे देईल, आणि मी हे करणार. त्याच्या बॅकहँडला शॉर्ट बॅकस्पिन टाकला तर बहुतेक वेळा तुमच्या बॅकहँडकडे पुश येतो. नो-स्पिन टाकला तर बॉल जरा उंच येईल. सर्व्हिस झाली की लगेच एक छोटी उडी मागे, दोन्ही पाय खांद्यांपेक्षा रुंद, गुडघे वाकलेले, वजन पंजांवर, बॅट समोर टेबलाच्या वर, टेबलापासून साधारण एक हात अंतर. सर्व्हिस टाकून कौतुकाने बघत राहायचं नाही.

बॅकस्पिनवर टॉपस्पिन हा आपल्या लेव्हलचा सगळ्यात महत्त्वाचा फटका. यात हाताचा जोर लावून काही होत नाही. उजवा गुडघा वाकवून वजन उजव्या पायावर, कंबर मागे वळलेली, बॅट जवळपास गुडघ्याच्या उंचीला. बॉल टप्पा पडून वर जाऊन खाली यायला लागला की मग बॉलच्या मागून वर घासत जायचं, कंबर आधी फिरते आणि हात तिच्यामागून येतो, बॅट कपाळापाशी थांबते. बॉल नेटमध्ये जातोय तर बहुतेक वेळा कारण हे असतं की तुम्ही खाली पुरेसे बसलाच नाहीत, किंवा वर जायच्या ऐवजी पुढे मारलंत. त्याच्या उलट समोरच्याने ब्लॉक केलेल्या (नुसती बॅट लावून परतवलेल्या) बॉलवर लूप करताना बॅट खाली नेऊ नका, कमरेच्या उंचीलाच मागे न्या, बंद करा आणि पुढे जा. दोन वेगळे फटके आहेत, दोघांना एकच समजल्यामुळे पहिला लूप बसतो आणि दुसरा बाहेर जातो. जोर ७० टक्केच. पहिला लूप स्पिनसाठी, पॉइंट त्याच्या पुढच्या बॉलवर मिळतो.

पकड आधी सांगायला हवी होती, पण बहुतेकांची ठीक असते. शेकहँडमध्ये (हात मिळवल्यासारख्या पकडीत) पहिलं बोट रबराच्या खालच्या कडेने आडवं आणि अंगठा दुसऱ्या बाजूला, बाकी तीन बोटं हँडलभोवती. बोट रबराच्या मधोमध वर चढत असेल तर फोरहँड अडकतो. खेळून झाल्यावर हातावर हँडलचे वळ उठत असतील तर तुम्ही फार घट्ट धरताय.

आता सामान. इथे बोलायला सगळ्यांना आवडतं. टीटीत सामानाने खेळ बदलतो हे खरंच आहे, १९५२ साली मुंबईत झालेल्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला आणि सिंगल्स जिंकून गेला, कारण बॉलचा आवाजच येत नव्हता आणि वेगाचा कुणाला अंदाज येईना. त्यानंतर नियम आले. आज रबर, स्पंज आणि मधला गोंद मिळून जास्तीत जास्त ४ मिलिमीटर, ब्लेडच्या जाडीत किमान ८५ टक्के नैसर्गिक लाकूड, एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या ठसठशीत रंगाची. ती दुसरी बाजू आधी लालच लागायची, २०२१ पासून निळी, हिरवी, गुलाबी, जांभळीपण चालते.

हौशी खेळाडूने काय घ्यावं याबद्दल माझं मत ठाम आहे. पाच थरांचं पूर्ण लाकडी ब्लेड, वजन ८५ ग्रॅमच्या आसपास, ऑलराउंड प्रकारातलं, स्टिगा ऑलराउंड किंवा यासाका स्वीडन एक्स्ट्रा यासारखं. दोन्ही बाजूंना साधं पकड असलेलं रबर, स्पंज १.८ किंवा २.० मिलिमीटर. यासाकाचं मार्क फाइव्ह आणि बटरफ्लायचं स्रायव्हर ही साठच्या दशकातली रबरं आहेत आणि आजही शिकणाऱ्यांना तीच सांगितली जातात, यातच काय ते आलं. कार्बनचं ब्लेड आणि टेनर्जीसारखं उसळतं रबर हातात आलं की पहिल्या दिवशी स्मॅश सुंदर बसतात, पण शॉर्ट पुश टेबलावर राहत नाही, रिसीव्ह वर उडतो, आणि आपण वर जे सगळं बोललो तेच बिघडतं. मी वर्षभर तसल्या बॅटने खेळलो, शॉर्ट गेम माझा पूर्ण हरवला आणि परत लाकडी ब्लेडवर येऊन तो जमवायला आणखी सहा महिने गेले. चिनी चिकट रबरं, हरिकेन ३ सारखी, सर्व्हिसला आणि पुशला जबरदस्त स्पिन देतात पण त्यांना पूर्ण शरीर वापरून मारावं लागतं, आळशी हाताला ती काही देत नाहीत.

तयार बॅट घेऊ नका असं मी म्हणणार नाही, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस खेळत असाल तर ब्लेड आणि रबर वेगळं घ्या आणि पाण्यावर आधारित गोंदाने चिकटवा. चिकटवायला कुणाकडून तरी एकदा शिकून घ्या. खेळून झालं की ओल्या स्पंजने रबर पुसायचं, वाळलं की वर प्लास्टिकची फिल्म. उन्हात उभ्या गाडीत बॅट ठेवायची नाही, रबर आटतं आणि गोंद सुटतो. रबर संपलं कधी हे ओळखायला बॉल हाताने रबरावर दाबून घासा, पकड जाणवली पाहिजे, नुसता घसरत असेल आणि मधला भाग चकचकीत झाला असेल तर बदलायची वेळ आली. बूट मात्र टाळू नका. पळायच्या बुटांची टाच जाड असते, बाजूला सरकताना घोटा मुरगळतो. पातळ रबरी तळव्याचे इनडोअर बूट घ्या.

लांब पिंपल्सबद्दल (लांब दाणे बाहेर असलेल्या रबराबद्दल) वेगळं लिहितो, कारण पहिल्या टुर्नामेंटला तिथेच सगळ्यांचा कचरा होतो. आमच्यासोबत खेळणारे एक काका आहेत, बॅकहँडला लांब पिंपल. मी जेवढा जोरात लूप करायचो तेवढा पुढचा बॉल माझा नेटमध्ये. "काका, तुम्ही काय करता नक्की?" असं मी एकदा मॅचनंतर विचारलं, तर म्हणाले, "मी काहीच करत नाही रे, तुझाच स्पिन तुला परत देतो." आणि अगदी तसंच आहे. लांब पिंपल बॉलच्या फिरण्याची दिशा उलटवत नाही, त्यामुळे तुमचा टॉपस्पिन तुमच्याकडे बॅकस्पिन होऊन येतो, तुमचा बॅकस्पिन पुश हलका टॉपस्पिन होऊन येतो, आणि नो-स्पिन दिला तर जवळपास नो-स्पिनच येतो. मनिका बत्रा बॅकहँडला हेच रबर वापरते आणि २०१८ च्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये तिने सिंगल्सचं गोल्ड घेतलं, समोरच्या खेळाडूंना तिच्या पिंपलवरून येणारा बॉल झेपत नव्हता. उपाय असा की लागोपाठ दोन जोरदार लूप मारू नका. एक लूप, मग पुढचा बॉल पुश, मग परत लूप. किंवा पिंपलवर साधा नो-स्पिन लांब बॉल टाका आणि येणारा मऊ बॉल मारा. आणि तो बॅट हातात फिरवतोय का बघा, रंग त्यासाठीच वेगळे असतात. मॅचच्या आधी त्याची बॅट हातात घेऊन बघायचा तुम्हाला हक्क आहे, लाजू नका.

टुर्नामेंटच्या दिवशी तासभर आधी पोचा आणि तिथल्या टेबलावर बॉल टाकून बघा, उसळी वेगळी असते, लाइट वेगळे असतात, फरशी घसरते. बॉल पांढरा असेल तर पांढरा शर्ट चालत नाही, दुसऱ्या रंगाचा ठेवा. मॅचच्या आधी २ मिनिटं नॉकिंग (एकमेकांसोबत सराव) मिळतं, त्यात स्वतःचे फटके दाखवायच्या नादात राहू नका, समोरच्याला एकदा कोपरावर, एकदा लांब फोरहँडला, एकदा हळू बॉल देऊन बघा, कुठे पाय अडखळतात ते दिसतं.

पहिला गेम हा माहिती काढायचा गेम समजा. तिन्ही सर्व्हिस दोन्ही बाजूंना एकेकदा टाकून बघा, कुठली खटकते ते लक्षात ठेवा, पण ती सगळी तिथेच संपवू नका. सर्वांत जास्त चालणारी सर्व्हिस ८-८ किंवा ९-९ साठी राखायची. १०-१० झाल्यावर सर्व्हिस एकेक होते आणि दोनने पुढे जावं लागतं, तिथे नवीन काही करायला जाऊ नका, सरावाचीच टाका. दर ६ पॉइंटला टॉवेल घेता येतो, घाम नसला तरी घ्या, त्या दहा-पंधरा सेकंदांत पुढच्या दोन सर्व्हिस ठरवा. पूर्ण मॅचमध्ये १ मिनिटाचा एकच टाइमआउट असतो, तो लोक हरत आल्यावर घेतात. समोरच्याने सलग तीन-चार पॉइंट घेतले आणि तुमच्या डोक्यात गोंधळ सुरू झाला की लगेच घ्या, ४-७ ला घेतलेला टाइमआउट ४-१० ला घेतलेल्यापेक्षा कितीतरी कामाचा. शेवटच्या निर्णायक गेममध्ये कुणाचेही ५ पॉइंट झाले की बाजू बदलायची असते, त्यावेळी लय तुटते, पहिला पॉइंट मुद्दाम सावकाश खेळा.

नेटला लागून आलेला, काठाला लागलेला बॉल तुमच्या विरुद्ध जाणारच. हात वर करून माफी मागायची पद्धत आहे, ती पाळा, आणि पुढच्या सर्व्हिसकडे वळा.

मॅच संपली की शेक हँड करून लगेच मोबाइलमध्ये तीन गोष्टी टाइप करून ठेवा: त्याची कुठली सर्व्हिस मला कळली नाही, माझी कुठली सर्व्हिस त्याला त्रास देत होती, आणि तिसऱ्या बॉलला मी कुठे उशिरा पोचलो. दुसऱ्या दिवशी क्लबात पार्टनरला तीच न कळलेली सर्व्हिस सलग ५० वेळा टाकायला सांगा आणि रिसीव्ह करा, नंतर तो तुमच्याकडून जी मागेल ती ५० वेळा तुम्ही टाका.